योगायोग की काकतालीय न्याय?

दोन्ही शब्द अचानक जुळून आलेल्या गोष्टींसाठीच, पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘योगायोग’ साधा, रोजचा. दोन मैत्रिणी एकाच रंगाची साडी नेसून आल्या की ‘काय योगायोग!’ म्हणायचं, विषय संपला.

‘काकतालीय’मध्ये काक म्हणजे कावळा, ताल म्हणजे ताड. कावळा बसला आणि ताडाचं फळ पडलं, पण पाडलं कावळ्याने नव्हे. मराठीने फळाऐवजी फांदी मोडली, मुद्दा तोच. कुणी फुकटचं श्रेय घेत असेल किंवा नाहक दोष देत असेल, तिथे हा शब्द नेमका बसतो. ‘मी टीव्ही बंद केला म्हणून विकेट पडली’ हे शुद्ध काकतालीय! गप्पांत मात्र तो जड वाटतो. तिथे कावळा-फांदीची म्हणच बरी.