टायरेक्स पाउच: छातीपुरता कामाचा

डीबीएसच्या, म्हणजे मेंदूत वायर (लीड) बसवून तिला छातीतल्या बॅटरीने वीज पुरवायच्या ऑपरेशनच्या कोटेशनमध्ये हा पाउच दिसला की नातेवाईक विचारतात, "म्हणजे इन्फेक्शनची काळजी मिटली ना?" छातीपुरती काहीशी कमी होते, डोक्यापुरती अजिबात नाही.

मेडट्रॉनिकची ही विरघळणारी जाळीदार पिशवी. तिच्यावर मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही अँटिबायोटिक्स असतात. सर्जन बॅटरी तिच्यात घालून छातीच्या कप्प्यात बसवतात. औषध निदान 7 दिवस झिरपतं, जाळी साधारण 9 आठवड्यांत विरघळते. 2019 च्या रॅप-इट चाचणीत सुमारे 7,000 रुग्णांत मोठं इन्फेक्शन 1.2 वरून 0.7 टक्क्यांवर आलं. पण ते हृदयाच्या उपकरणांचे रुग्ण होते. डीबीएसवर एवढी मोठी चाचणी नाही. तरी बॅटरी बदलताना, त्यातही मधुमेह असेल तर, पैसे मोजावेत असं आमचं मत. टेट्रासायक्लिन किंवा रिफाम्पिसिनची अ‍ॅलर्जी, ल्युपस किंवा आधीच चिघळलेली जखम असेल तर वापरू नये. चिरेआधी तासाभरात शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक पाउच असला तरी द्यावंच लागतं.

खरी डोकेदुखी कानामागे. तिथला कनेक्टर (मेंदूतली लीड आणि बॅटरीकडे जाणारी वायर जोडणारा सांधा) आणि लीड आत जाते त्या भोकावरचं, कवटीवरचं झाकण यांवर कातडी ताणली जाते, पातळ होते आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी फाटते. चीर नेमकी कनेक्टरवरून गेलेली असणं, वजन उतरणं, सतत खाजवणं, चष्म्याची दांडी घासणं ही नेहमीची कारणं. कनेक्टर मानेत खाली ठेवला तर वायर तुटायची भीती, म्हणून कानावरच्या हाडात खाच करून बसवणं बरं. हे ऑपरेशनआधीच विचारून घ्या.

कातडी चकाकू लागली, लालसर झाली, एकाच जागी खपली पुन्हापुन्हा धरू लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. खपली उपटू नका, वर मलम थापून थांबू नका. धातू दिसला की पू नसला तरी तिथे जंतू पोचलेत असंच धरायचं. नुसत्या गोळ्यांनी हे क्वचितच आवरतं, कारण जंतू उपकरणावर थर धरून बसतात. नुसते टाके घातले तर ताणलेली कातडी पुन्हा उसवते. प्लास्टिक सर्जनकडून शेजारच्या कातडीचा रक्तपुरवठा असलेला तुकडा (फ्लॅप) फिरवून घ्यावा लागतो. इन्फेक्शन छातीतच असेल तर बॅटरी आणि जोडवायर काढून मेंदूतली लीड वाचवायचा प्रयत्न करता येतो. पण बॅटरी काढण्याआधी गोळ्यांचे डोस न्यूरोलॉजिस्टकडून ठरवून घ्या: मेंदूला मिळणारी वीज (स्टिम्युलेशन) एकदम थांबल्यावर पार्किन्सनच्या रुग्णाला तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकतं.