सागवानी टेबल: दोन वर्षं वापरल्यावर

टेबल ठरल्यापेक्षा सात आठवडे उशिरा आलं, तेव्हा मी चिडलोच होतो. सुतार एवढंच म्हणाला, "लाकूड अजून ओलं आहे, आत्ता केलं तर तुम्हीच शिव्या घालाल." एक इंच जाडीची फळी नुसत्या हवेवर वाळायला साधारण वर्ष लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेवढा काळ त्याचे पैसे त्या फळ्यांत अडकून पडतात. भट्टीत वाळवलं तर काम लवकर होतं, पण दोन माणसांच्या कारखान्याला स्वतःची भट्टी कुठून परवडणार?

आता टेबलाबद्दल. पाय आडव्या पट्ट्यांना खाच-कूस सांध्याने (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवून) जोडलेत, अजून जराही डुगडुगत नाहीत. वरची फळी खालून स्क्रूने धरली आहे, पण भोकं मुद्दाम लांबट ठेवलीत. दमट हवेत लाकूड आडवं फुगतं, त्याला सरकायला जागा हवी. आधीचं पार्टिकल बोर्डचं टेबल पाणी सांडून कडेला फुगलं आणि तीन वर्षांत भंगारात गेलं. स्वस्त होतं, हे मान्य.

तक्रार एकच: पावसाळ्यात खण अडतो. सुतार येऊन रंधा मारून गेला, पैसे घेतले नाहीत. मला उगाच अपराधी वाटलं. हे टेबल इतकं टिकाऊ, की आता पुढची वीस-पंचवीस वर्षं मी त्याच्याकडून दुसरं टेबल काही घेणार नाही. शिकाऊ पोरगाही मध्येच काम सोडून गेलाय म्हणे. खुर्च्या मात्र त्याच्याकडेच सांगितल्यात. कधी येतील, विचारलं नाही.