टिकवणे आणि जोपासणे

'टिकवणे' आणि 'जोपासणे' ही दोन्ही क्रियापदे एखादी गोष्ट पुढे चालू ठेवण्याचा अर्थ देतात, तरी ती एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. 'टिकणे' या अकर्मक क्रियापदापासून बनलेले 'टिकवणे' नाश रोखण्यावर भर देते: पावसाळ्यात ओल लागू न देता गूळ टिकवतात, नोकरी टिकवतात. 'जोपासणे'मध्ये मात्र माया, वाढ आणि दीर्घकाळाची निगा गृहीत असते. म्हणूनच छंद जोपासला जातो, नोकरी नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्ती जोपासली, असे म्हणणे मला अधिक नेमके वाटते, कारण १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानामुळे आणि मल्लांना मिळालेल्या राजाश्रयामुळे ती नुसती उरली नाही, तर फोफावली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव टिकवण्यास मदत होते, पण नव्या हातांना चामड्याची वेणी घालायला शिकवणे हे जोपासणेच होय, आणि बातम्यांत सरसकट 'कला टिकवणे' लिहिल्याने हा फरक पुसला जातो, याचे मला वाईट वाटते. पाण्याअभावी सुकू लागलेला ऊस शेतकरी कसाबसा 'तगवतो'. तेथे हे दोन्ही शब्द अपुरे पडतात.