तटबंदीच्या काळातील मुंबईचा भिंतीवरील नकाशा : एक परीक्षण

फोर्टमधील एका दुकानातून घेतलेला हा पुनर्मुद्रित नकाशा १८४०च्या दशकाच्या उत्तरार्धातील मुंबई दाखवतो. म्हणजे १८३८चा कुलाब्याचा आणि १८४५चा माहीमचा बांध त्यावर आहे, पण १८५३ची रेल्वे नाही. आजच्या नकाशाशेजारी तो टांगल्यावर सर्वप्रथम जाणवतो तो पश्चिमेचा समुद्र. ओव्हल मैदानापासून पाणी अगदी जवळ आहे, आणि जिथे आज मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींची रांग उभी आहे, तिथे निव्वळ बॅकबेचे पाणी आहे. १८६०च्या दशकात पाडलेली तटबंदी येथे खंदक आणि दरवाजांसह अखंड दिसते. तिच्या पश्चिम बाजूची रेषा बोटाने उत्तरेकडे नेली, की आपण साधारणपणे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावरूनच चालत असतो. आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने तटाबाहेर मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या एकाच पटांगणाचे अवशेष आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मला दुसऱ्या कशातून उमगले नव्हते.

कागद जाड असून रंग सौम्य आहेत. मात्र गिरगाव आणि भुलेश्वरच्या दाट वस्तीतील अक्षरे भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, आणि मूळ नकाशाचे मोजमाप प्रकाशकाने कुठेही दिलेले नाही, ही गंभीर उणीव होय. तरीही दक्षिण मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने, शक्य असल्यास मोठ्या आकारातच, तो जरूर घ्यावा.