विक्सचा शेअर: अकरावीच्या बुक-कीपिंगने काढलेला भाव

माझ्याकडे विक्सचे (Wix, लोकांना स्वतःची वेबसाइट बनवायचं साधन विकणारी कंपनी) सहा शेअर आहेत. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात अकरावी-बारावी कॉमर्सचे क्लास घेणाऱ्या बाईला तेल अवीवच्या कंपनीत पैसे टाकायची काय गरज, असं घरातही विचारून झालंय. गरज नव्हती. पण मी स्वतः वेबसाइट बिल्डरची गिऱ्हाईक आहे. माझा बिल्डर दुसऱ्या कंपनीचा, नाव नाही सांगत, धंदा तोच. कोड न लिहिता पान जुळवायचं आणि वर्षाचे पैसे आधी भरायचे. पहिलं वर्ष स्वस्त, दुसऱ्या वर्षी जवळपास दुप्पट. दरवर्षी मी चिडते आणि दरवर्षी भरते. गिऱ्हाईक चिडूनही भरतं, हे पाहूनच मी शेअर घेतले.

आगाऊ मिळालेलं उत्पन्न ताळेबंदात देणं म्हणून दाखवायचं, हे मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "पैसे तं आले ना मॅडम, मग देणं कसं?" विक्सच्या ताळेबंदात हे खातं चांगलंच मोठं आहे. वर्षाचे पैसे जानेवारीत आले तरी उत्पन्न बारा महिन्यांत वाटून दाखवतात. रोकड मात्र जानेवारीतच हातात. म्हणून नुसता नफा पाहून या कंपनीचा भाव काढला तर तो चुकतो, रोकड बघावी लागते. 2024 मध्ये विक्री 176 कोटी डॉलर आणि हातात उरलेली मोकळी रोकड 48 कोटींच्या आसपास. ऐकायला छान. पण कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून जे शेअर देतात, त्यांची किंमत मी यातून वजा करते. ती त्या वर्षी जवळपास 24 कोटी होती. कंपनी म्हणणार, ही रोकड गेलेलीच नाही. बरोबर. पण त्याने माझ्या सहा शेअरांचा वाटा पातळ होतो, आणि तो पातळ होऊ नये म्हणून बाजारातून शेअर परत घ्यायचे तर रोकडच लागते. म्हणजे माझ्या वहीत उरले 24 कोटी. कंपनीचा भाव या वर्षाच्या रोकडीच्या वीस पट धरला तर सगळी कंपनी 480 कोटी डॉलरची.

आता उलट बाजू. स्क्वेअरस्पेस ही याच धंद्यातली कंपनी पर्मिरा या गुंतवणूक कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये सुमारे 720 कोटी डॉलरला घेतली, म्हणजे तिच्या 2023 च्या विक्रीच्या सातपट. तोच दर लावला तर विक्स 1,200 कोटींच्या वर जाते. हा दर मी लावत नाही. तो सौदा ठरला तेव्हा लव्हेबल आणि बोल्ट या एआयने वेबसाइट बनवून देणाऱ्या साधनांचा गाजावाजा सुरू व्हायचा होता, आणि 'वाइब कोडिंग' (एआयला साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेणं) हा शब्दच एआय संशोधक आंद्रे कार्पथीने फेब्रुवारी 2025 मध्ये काढला. शिवाय विक्सचा शेअर 2021 च्या सुरुवातीला साडेतीनशे डॉलरला होता आणि पुढच्याच वर्षी साठच्या खाली. बाजाराला भाव कळतो असं मानणाऱ्यांनी तो आलेख एकदा बघावा.

माझा भाचा हिंगणा रोडच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला आहे. मागच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "मावशी, वर्षाले एवढे पैसे काऊन देऊन राहिली? मी आज रात्रीच करून देतो." आणि खरंच दिलं. एआयला मराठीत सांगत गेला. साडेअकरापर्यंत वेळापत्रक, फीचा तक्ता, प्रवेशाचा फॉर्म, सगळं तयार. माझ्या जुन्या पानापेक्षा देखणं. त्या रात्री मी शेअर विकायच्या बेतात होते.

मग दहावीचा निकाल लागला. क्लासचा सगळा धंदा त्या दोन आठवड्यांत असतो. फॉर्म एकही आला नाही. मला वाटलं, यंदा मुलं सायन्सकडे गेली. पुढे गोकुळपेठच्या भाजीबाजारात एक आई भेटल्या. "मॅडम, फॉर्म तं भरला होता आम्ही, तुमचा फोनच नाही आला." भाच्याने रात्री उघडून पाहिलं. फॉर्मची माहिती साठवणारा फुकटच्या प्लॅनवरचा डेटाबेस वापर नाही म्हणून झोपला होता, आणि माहिती साठो न साठो, पान सगळ्यांना "धन्यवाद" म्हणत होतं. किती फॉर्म गेले ते कळायला मार्ग नाही. भाचा बिचारा आठवडाभर माझ्यासमोर आला नाही. ऑगस्टमध्ये मी जुन्या बिल्डरकडे परत.

यावरून बिल्डर जिंकला असं मी म्हणत नाही. मी जुनी गिऱ्हाईक आहे, जुनी माणसं परततात. माझ्या तीन जुन्या विद्यार्थिनींनी यंदा धंदा सुरू केला: एकीचा केकचा, एकीचा मेंदीचा, एक जीएसटीची रिटर्नं भरते. एकीनेही बिल्डर घेतला नाही. दोघींचं इन्स्टाग्रामवरच भागतं आणि तिसरीने एआयकडून पान करून घेतलं. जुने टिकले आणि नवे आलेच नाहीत, तर काही वर्षं रोकड झकास दिसेल. मग वीस पट कशाला द्यायची? मी बारा देते.

विक्सलाही हे दिसलेलं आहे. जून 2025 मध्ये त्यांनी बेस44 हे असंच एआयचं साधन सुमारे 8 कोटी डॉलरला विकत घेतलं. ही खरेदी मला पटली, पण खातं बदलतं. अशा साधनाचे पैसे बरेच जण महिन्याचे महिन्याला भरतात आणि काम झालं की सोडतात, शिवाय गिऱ्हाइकाच्या प्रत्येक सूचनेमागे एआयचं मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीला पैसे मोजावे लागतात. ते आगाऊ उत्पन्नाचं गुबगुबीत खातं याने बारीक होणार. विक्री वाढली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी ही ओळ बघा.

आपल्याकडून असे शेअर घेणाऱ्यांना एक सांगते: आयकराच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, सहा शेअर असले तरी.

विक्सच्या शेअरला पाचपैकी तीन गुण. सहा विकणार नाही, सातवा घेणार नाही. बिल्डरचं नूतनीकरण मात्र केलं. तीन वर्षांचं स्वस्त पडत होतं, मी एकाच वर्षाचं घेतलं.