पुराच्या ग्रुपचा पाच महिन्यांचा अनुभव
जूनमध्ये आमच्या पंचगंगाकाठच्या गल्लीनं पुरासाठी वेगळा ग्रुप काढला. ॲपचं नाव घेत नाही, रोजच्या गप्पांचंच आहे. ॲडमिन मी. आता दिवाळी झाली, पाणी उपसायच्या मोटारी परत नदीवर बसल्या, म्हणून निवांत लिहितोय.

पहिला महिना झकास गेला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सकाळ-संध्याकाळ टाकायची. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ. मोटार आज काढायची की दोन दिवस थांबायचं, ते घरबसल्या ठरायचं.

जुलैत घोळ झाला. रात्री साडेअकराला मेसेज आला, 'राधानगरी धरणाचे पाच दरवाजे उघडले.' हे स्वयंचलित दरवाजे, तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. अर्धी गल्ली भर पावसात जनावरं घेऊन शाळेकडं निघाली. सकाळी कळलं, मेसेज आदल्या वर्षीचा. खोटा नव्हता हो, शिळा होता! पुढं ढकललेल्या मेसेजवर ॲप ढकलल्याची वेळ दाखवतं, मूळ लिहिल्याची नाही. खरी मेख इथं आहे. अफवा निदान संशयास्पद तरी वाटते, ही बातमी अगदी खरी वाटते.

मग नियम केला. तारीख, वेळ, ठिकाण मजकुरातच लिहायचं, 'आज' आणि 'आत्ता' बंद. लिहिणार फक्त ॲडमिन. ('गुड मॉर्निंग' कुठं टाकायचं म्हणून दोघं रुसले.) पण त्यातनं दुसरंच निघालं. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं शेजारच्या वहिनींनी पहाटे पहिल्यांदा पाहिलं आणि त्यांना ग्रुपवर लिहिताच येईना. मला फोनवर फोन. मी फोन चार्जिंगला लावून झोपलेलो.

ऑगस्टात लाईट गेली, पाठोपाठ टॉवर. माझ्या मेसेजला एकच टिक. आणि दोन आल्या तरी काय, मेसेज फोनवर पोचला एवढंच, माणसानं वाचला असं नाही. तात्यांकडं तर बटणांचाच फोन. २०२३ मध्ये सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून फोनवर भोंगा वाजवला होता, आठवतंय? त्याला ना ग्रुप लागतो, ना इंटरनेट. टॉवर मात्र त्यालाही लागतो.

पातळी कळवायला ग्रुपला पाचापैकी चार तारे, माणसं हलवायला एक. ग्रुप चालूच ठेवलाय. वहिनींना ॲडमिन केलंय आणि देवळाच्या स्पीकरला नवी बॅटरी घ्यायची वर्गणी काढलीय.