बिलावर लिहिले होते ‘फॅन्सी स्टोन सेट’

भाचीच्या पदवीदानाला सोन्यापेक्षा काही वेगळे द्यावे, या विचाराने गेल्या वर्षी मी पुण्यातील एका प्रदर्शनात भौमितिक आकाराच्या स्फटिकांचा संच घेतला. दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले षटकोनी पेंडंट, त्रिकोणी पैलूंचे कानातले आणि एक अंगठी, या सगळ्यांचे मिळून ६,८०० रुपये झाले. रंग मधासारखा पिवळा होता. विक्रेत्याने तो खडा सुनेला, म्हणजे सिट्रीन हा पिवळा स्फटिक (क्वार्ट्झ) असल्याचे सांगितले.

विक्रेता अतिशय मृदुभाषी होता आणि त्याने मला केवळ शब्दांवर विश्वास ठेवायला सांगितले नाही, हेच मला भुरळ घालणारे ठरले. त्याने एक खडा माझ्या गालाला टेकवून तो किती गार लागतो ते दाखवले, आणि मग त्याच खड्याची कड काचेच्या बाटलीवर ओढून ठळक ओरखडा उठवला. ही चाचणी खोटी नव्हती. मोहस्‌ मापावर स्फटिकाचा कठीणपणा ७ आणि साध्या काचेचा साधारण साडेपाच असतो, त्यामुळे खऱ्या स्फटिकाने काचेवर ओरखडा उठतोच. परंतु ज्या खड्याची परीक्षा झाली तो त्याच्याच हातात राहिला आणि माझा संच टेबलाखालच्या डब्यातून निघून थेट कागदात गुंडाळला गेला. हे माझ्या डोळ्यांदेखत घडले, तरी तेव्हा मला ते खटकले नाही.

आकाराबाबतही त्याने अर्धसत्य सांगितले. “षटकोन निसर्गाचाच आहे, ताई, आम्ही फक्त वर कडी बसवली,” असे तो म्हणाला. स्फटिक जमिनीखाली सहा बाजूंनी वाढतो हे खरे आहे. मात्र त्या सहा बाजू क्वचितच सारख्या रुंदीच्या असतात आणि त्यांच्यावर बहुधा बारीक आडव्या रेघा असतात. बाजारातील बहुतेक ‘पेन्सिली’, म्हणजे अशी निमुळती षटकोनी पेंडंटे, चाकावर घासून घडवलेल्या असतात, आणि तसे सांगून विकल्यास त्यात गैर काहीच नाही. त्याचप्रमाणे सुनेला म्हणून मिळणारा पुष्कळसा माल हा जांभळा ॲमेथिस्ट तापवून पिवळा केलेला असतो, तोही स्फटिकच. माझ्या पेंडंटच्या सहाही बाजू तंतोतंत सारख्या होत्या आणि कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या किंचित गोलसर होत्या. घासून पैलू पाडलेल्या खड्याची कड बोटाला धारदार लागते. साच्यात ओतलेल्या काचेची तशी लागत नाही.

चार महिन्यांनी कानातल्याची तार तुटली, म्हणून मी ते आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेले. त्यांनी दहापट भिंग डोळ्याला लावले, क्षणभर थांबले आणि भिंग माझ्याकडे दिले. आत सोड्याच्या बाटलीतल्यासारखे दोन वाटोळे बुडबुडे होते. “ही काच आहे,” एवढेच ते म्हणाले. तारेवरचा ‘९२५’ हा चांदीच्या शुद्धतेचा शिक्काही त्यांनी दाखवला. मुलाम्याखाली पितळ होते, आणि नुसते आकडे ठोकायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी पेंडंट रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिले. स्फटिकाचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप, १.५४४ आणि १.५५३ असा दुहेरी येतो. माझ्या पेंडंटचा एकच आला, तोही कमी. अहवालात एकच शब्द होता: काच.

मग मी बिल काढून पाहिले. त्यावर ‘फॅन्सी स्टोन सेट, १ नग’ असे लिहिले होते. ‘नैसर्गिक’ हा शब्द होता तो सोबतच्या चकचकीत कार्डावर, आणि त्या कार्डावर ना अहवाल क्रमांक होता, ना प्रयोगशाळेचा पत्ता. फोनवर विक्रेत्याने शांतपणे सांगितले, “बिलात स्फटिक कुठे लिहिले आहे?” हा प्रश्न मी पैसे देण्यापूर्वी विचारायला हवा होता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, मी तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, त्यामुळे विक्रेता परगावचा असला तरी तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. अडचण वेगळीच आहे: बिलावरचा दुकानाचा पत्ता अपुरा निघाला, आणि नोटीस पाठवायची कोठे हेच अद्याप ठरत नाही.

दिवाळीपूर्वी त्याच सभागृहात पुन्हा प्रदर्शन लागले. फलकावरचे नाव नवे होते, माणूस मात्र तोच होता, आणि बाटलीही बहुधा तीच असावी. त्याने मला ओळखले नाही. मी एक पेंडंट निवडले, तेच बाटलीवर ओढून दाखवावे आणि बिलावर ‘नैसर्गिक स्फटिक’ असे लिहून द्यावे, अशी विनंती केली. त्याने हसून सांगितले की बिलबुक नुकतेच संपले आहे.